ब्यूरो म्हणतो, ‘आम्ही फक्त माणूस देतो’

प्रश्न: अर्धांगवायूमुळे अंथरुणाला खिळलेल्या आईसाठी आम्ही एका ब्यूरोमार्फत घरी प्रशिक्षित परिचारिका ठेवली. प्रत्यक्षात सतत नवीन मदतनीस येत राहिल्या आणि आईला बेडसोर झाले. ब्यूरो जबाबदारी झटकतो, डिपॉझिटही परत देत नाही. सेवा निकृष्ट होती हे कायद्याने कसे ठरते?

उत्तर: मदतनिसाला आपण थेट नोकरीस ठेवले होते, की सेवा देण्याचे ब्यूरोने स्वीकारले होते, हे आधी पाहावे लागेल. थेट ठेवलेल्या व्यक्तीशी झालेला वैयक्तिक सेवेचा करार ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील ‘सेवे’च्या व्याख्येत बसत नाही. परंतु पैसे ब्यूरो घेत असेल आणि कोणाला पाठवायचे, कधी बदलायचे हेही तोच ठरवत असेल, तर पावतीमागे ‘आम्ही केवळ मध्यस्थ’ असे छापल्याने त्याची सुटका होईल असे मला वाटत नाही. पैसे आपण दिले असले तरी आपल्या संमतीने सेवा घेणाऱ्या आईसुद्धा ग्राहकच ठरतात.

याच अधिनियमाच्या कलम २(११) नुसार, कायद्याने राखणे आवश्यक असलेल्या किंवा कराराने पत्करलेल्या दर्जात उणीव राहिली, तर ती सेवेतील त्रुटी होय. त्यामुळे आपल्या मनातल्या अपेक्षेपेक्षा जाहिरात, कोटेशन आणि व्हॉट्सअ‍ॅपवरील आश्वासनांना महत्त्व येते. ‘प्रशिक्षित परिचारिका’ असे लिहून दिले असेल, तर पाठवलेल्या प्रत्येकीच्या परिचर्या परिषदेकडील नोंदणीचा पुरावा लेखी मागावा. तो न मिळणे हा आपला सर्वांत भक्कम मुद्दा ठरू शकतो.

बेडसोरचा मुद्दा तितका सरळ नाही. चांगली शुश्रूषा होऊनही ते होऊ शकतात, त्यामुळे केवळ जखम दाखवून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. त्वचा प्रथम लाल कधी दिसली, ते कोणाला कळवले, कूस बदलल्याच्या नोंदी होत्या का, आणि प्रत्येक तपासणीत डॉक्टरांनी काय लिहिले, हे तारखांसह जुळवावे लागेल. फोटो असलेला मूळ फोन जपून ठेवावा, कारण त्यांच्या प्रती दाखल करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालील प्रमाणपत्र लागू शकते.

असहाय व्यक्तीची देखभाल करण्याचा करार स्वेच्छेने मोडणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५७ खाली गुन्हा आहे. पण मदतनिसाला त्याचा धाक दाखवू नये. ती बहुधा सलग पाळ्या करणारी, तुटपुंज्या पगाराची बाई असते आणि आपला वाद ब्यूरोशी आहे.

आधी ब्यूरोला लेखी नोटीस द्यावी. दाद न मिळाल्यास आपण राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे, तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येते. सेवेसाठी दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असल्यास तक्रारीचे शुल्क लागत नाही. डिपॉझिटच्या परताव्याची मागणी त्याच तक्रारीत करावी. करारातील अटच अनुचित ठरवून हवी असेल, तर मात्र राज्य आयोगाकडे जावे लागते. ब्यूरो बदलणार असाल, तर नवीन माणूस येण्यापूर्वी डॉक्टरांकडून आईंची तपासणी करून जखमांची लेखी नोंद घ्यावी. अन्यथा जखम नंतरची आहे, असा बचाव ब्यूरो घेऊ शकेल.