चिपी (सिंधुदुर्ग) ते नांदेड विमानतळ: हवाई अंतर किती आणि विमानाला वेळ किती लागेल?

सरळ रेषेत अंतर साधारण ५३५ किलोमीटर भरतं आणि एटीआर-७२ सारख्या पंख्याच्या विमानाला थेट जायला अंदाजे सव्वा ते दीड तास लागेल. वाशीत तिकिटांचं काम करतो, त्यामुळे हा हिशेब रोजचाच आहे. तुम्हालाही कागदावर करून बघता येईल: चिपी सुमारे १६ अंश उत्तर, ७३.५ पूर्व, नांदेड १९.२ उत्तर, ७७.३ पूर्व. अक्षांशाचा एक अंश म्हणजे १११ किलोमीटर, आपल्या पट्ट्यात रेखांशाचा एक अंश जवळपास १०६. म्हणजे उत्तरेकडे ३५५, पूर्वेकडे ४००. बाकी काम शाळेतल्या पायथागोरसचं. एटीआर ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास उडतं, पण धावपट्टीपर्यंत जाणं, वर चढणं आणि उतरणं यात वीसेक मिनिटं जातात, ती धरायलाच हवीत.

मात्र हा वेळ थेट उड्डाणाचा आहे. तिकीट मुंबईमार्गे निघालं तर चिपी-मुंबई ३५०, मुंबई-नांदेड ४७० असे मिळून ८२० किलोमीटर होतात, आणि मधला थांबा वेगळाच. तुम्ही ठाण्यातून आईवडिलांसाठी बघताय असं लिहिलंय, म्हणून कळकळीने सांगतो: दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर घ्या आणि मुंबईतला विमानतळ दोन्हीकडे एकच आहे ना, ते तपासा. सांताक्रूझला उतरून पुढचं विमान उलव्याच्या नव्या विमानतळावरून असेल, तर सामान घेऊन अख्खी खाडी ओलांडावी लागेल.