मैदानावरच्या मारामारीला शिक्षा हवीच, पण सुरुवात पहिल्या चिमट्यापासून

फुटबॉल, रग्बी असल्या व्यावसायिक खेळांत खेळाडू मैदानावर एकमेकांना भिडले तर त्यांना शिक्षा करावी, की खेळाच्या भरात होतं म्हणून सोडून द्यावं, असा तुमचा प्रश्न आहे. खाली तुम्ही असंही लिहिलंय की बघणाऱ्यांना तर तेच आवडतं. हे शेवटचं आधीच कबूल करून टाकतो. आमच्याकडे वेंगुर्ल्यापासून शिरोड्यापर्यंत मे महिन्यात वाडीवाडीच्या स्पर्धा लागतात. गोल कोणी केला ते लोक दोन दिवसांत विसरतात. कोणी कोणाच्या कानाखाली वाजवली ते दहा वर्षं सांगत बसतात.

मी बाविसाव्या वर्षी एकाला बुक्की घालून मैदानाबाहेर गेलेलो आहे, आणि पुढे वीसेक वर्षं शाळेत पी.टी. शिकवता शिकवता गावोगाव शिट्टी घेऊन पंच म्हणूनही उभा राहिलोय. दोन्हीकडचं थोडं थोडं माहीत आहे. माझं उत्तर: शिक्षा हवी. पण बुक्कीला शिक्षा देऊन काम संपलं असं समजणारा पंच पुढच्या बुक्कीची सोय करून ठेवतो.

बुक्कीचं आधी सांगतो. खाडीपलीकडच्या संघाचा एक डिफेंडर होता. दर कॉर्नरला कमरेला चिमटा काढायचा, पंचाची पाठ वळली की टाचेवर पाय द्यायचा. मी दोनदा पंचाकडे गेलो. ते म्हणाले, “खेळ मरे, रडतंस कित्याक?” दुसऱ्या हाफमध्ये तो गडी माझ्या बहिणीबद्दल काहीतरी बोलला आणि माझा हात सुटला. पंचांनी एवढंच पाहिलं. मी बाहेर, पुढच्या वर्षीचीही बंदी, आणि घरी आईने दोन दिवस जेवायला वाढलं पण बोलली नाही. शिक्षा योग्यच होती. आज मागे वळून पाहताना राग फारसा आठवत नाही, एक वेगळीच गोष्ट आठवते. हात उचलायच्या बऱ्याच आधी, दुसऱ्यांदा पंचाकडून परत येताना, माझं मनात ठरून गेलं होतं की इथे आपल्यासाठी कोणी काही करणार नाही. बहिणीचं ते वाक्य नुसतं निमित्त झालं.

फ्रान्सच्या झिदानने बर्लिनमध्ये इटलीच्या माटेराझीला डोकं मारलं तेव्हा आमच्याकडे धो धो पाऊस होता, लाईट जात-येत होती, आणि तो क्षण मी शेजाऱ्यांच्या टीव्हीवर पाहिला. ९ जुलै २००६, वर्ल्डकपची फायनल, ११० वं मिनिट. मुख्य पंच एलिझोंडो यांना ते दिसलंच नव्हतं. चौथ्या पंचांनी कळवलं आणि लाल कार्ड निघालं. नंतर फिफाने झिदानला ३ सामन्यांची बंदी आणि ७,५०० स्विस फ्रँक दंड केला. झिदान निवृत्तच झाला होता, त्यामुळे बंदीऐवजी त्याने ३ दिवस मुलांसोबत समाजकार्य केलं. पण चिथावणाऱ्या माटेराझीलाही २ सामने आणि ५,००० फ्रँक झाले, हे फार लोकांना आठवत नाही. तेव्हा पुष्कळांनी नावं ठेवली, नुसत्या बोलण्याला कसली शिक्षा म्हणून. मला त्या सगळ्या प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय तोच वाटला. झिदानचं सोडून द्यायला हवं होतं असं मी मुळीच म्हणत नाही. कपाळ छातीवर आपटलं, विषय संपला.

या खेळाचा नियम तसा स्पष्टच आहे. चेंडूसाठी झुंज चालू नसताना कोणावर जोराचा हात टाकला, किंवा टाकायचा नुसता प्रयत्न केला, तरी लाल कार्ड. लागलं की नाही याचा संबंध नाही. समोरचा आपल्याच संघातला असला तरी सुटका नाही. २००५ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडच्या न्यूकॅसल क्लबचे ली बोयर आणि कीरन डायर भर सामन्यात एकमेकांवर तुटून पडले, दोघेही एकाच संघाचे! दोघांनाही लाल कार्ड. आधीच एक जण बाहेर गेलेला, त्यामुळे न्यूकॅसल ८ वर आलं आणि ०-३ हरलं. संघात ७ पेक्षा कमी खेळाडू उरले तर सामना पुढे चालू शकत नाही. आणखी दोघांचं डोकं फिरलं असतं तर प्रेक्षकांना तिथूनच घरी जावं लागलं असतं.

आता ‘हा खेळाचा भागच आहे’ या म्हणण्याकडे येतो, कारण तुमच्या प्रश्नाची खरी गाठ तिथे आहे. आमच्या कोकणात या वाक्याचं उत्तर द्यायला फुटबॉलकडे जावंच लागत नाही, कबड्डी पुरते. अंगाला अंग भिडणं कबड्डीत जेवढं आहे तेवढं फुटबॉलमध्ये कुठलं? सात जण एकाला मातीत दाबतात, त्याचा चवडा धरून ओढतात, आणि तो टाळ्या घेत उठतो. पण त्याच खेळात चढाई करणाऱ्याचं तोंड दाबलं, पायांची कात्री घातली, तर शिट्टी वाजते. म्हणजे दांडगाई किती चालेल हे खेळानेच ठरवून ठेवलंय, आणि त्यापलीकडचं ते खेळाबाहेरचं. ही रेघ आपल्या कायद्यातही आहे. १८६० च्या, २०२४ पर्यंत चाललेल्या भारतीय दंडसंहितेत कलम ८७ खाली उदाहरण दिलं होतं: दोघांनी करमणूक म्हणून तलवारबाजी खेळायचं ठरवलं, तर खेळात नियम न मोडता जी इजा होईल तिला दोघांची संमती आहे असं धरायचं. ‘नियम न मोडता’ हे शब्द महत्त्वाचे. टॅकलमध्ये पाय मोडला तर मी ते पत्करूनच मैदानात उतरलोय. पाठीमागून येऊन जबड्यावर ठोसा पडेल, हे मी पत्करलेलं नाही.

शिक्षा ढिली असली की काय होतं, त्याचा सर्वांत चतुर नमुना रग्बीत सापडतो. १९७४ मध्ये ब्रिटिश लायन्स, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडच्या निवडक खेळाडूंचा संघ, दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर होता. कप्तान विली जॉन मॅकब्राईड. त्यांनी एक खुणेचा शब्द ठरवला होता, ‘९९’. आपल्यातल्या कोणावर हात पडला की ९९ ची हाक द्यायची, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाने आपल्या जवळच्या विरोधकाला ठोकायचं. हिशेब सरळ होता: पंच एकाला बाहेर काढेल, पंधरांना थोडाच काढणार? लोक हा किस्सा आजही कौतुकाने सांगतात, आणि ऐकायला मजा येते हे मीही नाकारत नाही. पण जरा बघा, ही योजना पंचाच्या दुबळेपणावर उभी आहे. पहिल्या ठोशाला पंच न्याय देईल असा भरवसा असता, तर हाक ठरवायची गरजच पडली नसती.

आईस हॉकीवाले वेगळं सांगतात. उत्तर अमेरिकेच्या एनएचएल या लीगमध्ये हातमोजे टाकून मारामारी केली तर साधारण ५ मिनिटं बाहेर बसवतात, मग गडी परत खेळायला मोकळा. त्यांचं म्हणणं, दोघांनी समोरासमोर भिडून वाफ सोडली की छुपे वार कमी होतात, खेळाडू एकमेकांवर आपोआप वचक ठेवतात. बाविसाव्या वर्षी मीही नेमकं हेच केलं होतं. वचक बसला का? त्या डिफेंडरने पुढच्या सामन्यात दुसऱ्याला चिमटे काढले, एवढीच खबर माझ्याकडे आहे.

गंमत म्हणजे पिवळं-लाल कार्ड ज्यांना सुचलं, त्यांच्याही हातातून असाच एक सामना सुटला होता. १९६२ च्या वर्ल्डकपमध्ये सांतियागोला चिली विरुद्ध इटली. पंच इंग्लंडचे केन ॲस्टन. चिलीच्या लिओनेल सांचेझने इटलीच्या मारिओ डेव्हिडला ठोसा मारला आणि तो सुटला. थोड्या वेळाने डेव्हिडने लाथ उगारली, तो बाहेर. पुढे सांचेझने आणखी एकाचं, मास्कियोचं, नाक फोडलं, तरी शेवटपर्यंत मैदानावरच. पहिल्याला मोकळीक आणि परतफेड करणाऱ्याला शिक्षा. माझ्या खाडीकाठच्या सामन्याचंच मोठं रूप म्हणा. याच ॲस्टनना १९६६ मध्ये लंडनमध्ये गाडी चालवताना सिग्नलचे रंग पाहून कार्डांची कल्पना सुचली. १९७० च्या मेक्सिको वर्ल्डकपमध्ये ती पहिल्यांदा खिशात आली. त्या अख्ख्या स्पर्धेत लाल कार्ड एकदाही काढावं लागलं नाही. हे सगळं कार्डाच्या धाकाने झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण शिक्षा सगळ्यांना दिसेल अशी असली की पंचाचा आवाज वाढतो, हा माझा अनुभव आहे.

ऑस्ट्रेलियाच्या स्वतःच्या फुटबॉलमध्ये, एएफएलमध्ये, लाल कार्डच नाही. गुन्हा झाला तर नंतर न्यायाधिकरणासमोर. २०१८ मध्ये अँड्र्यू गॅफने चेंडूपासून दूर असताना अँड्र्यू ब्रेशॉला ठोसा मारला. पोरगा १८ वर्षांचा, जबडा मोडला, दात हलले. गॅफला ८ सामन्यांची बंदी झाली आणि त्याचा संघ त्या वर्षी फायनल जिंकला तेव्हा तो बाहेर बसला होता. शिक्षा कडक आहे. पण ज्या संघाचा माणूस जबडा मोडून इस्पितळात गेला, त्याला त्या दिवशी काय मिळालं? मारणाऱ्याला काढायची सोयच नसली तर उरलेली मिनिटं मैदानावर कोणाच्या डोक्यात काय शिजेल, हे पंचगिरी केलेल्याला सांगायला नको. तिथल्याच रग्बी लीगने २०१३ मध्ये पॉल गॅलनने नेट माइल्सला ठोसे मारल्यावर नियम केला की जो ठोसा मारेल तो निदान १० मिनिटं बाहेर. मला हा बदल पटतो. थोडी का होईना, पण लगेच.

पोलिसांनी यावं का? क्वचित. स्कॉटलंडच्या डंकन फर्ग्युसनने १९९४ मध्ये विरोधकाला डोकं मारलं. पंचांनी साधं कार्डही दाखवलं नाही, आणि शेवटी त्याला तुरुंगात ४४ दिवस काढावे लागले. पंचाने काही न करणं आणि न्यायालयाने इतकं करणं, या दोन टोकांच्या मधे कुठेतरी लाल कार्ड असायला हवं होतं.

आणि प्रेक्षकांना आवडतं म्हणता, तर १६ ऑगस्ट १९८० चं ईडन गार्डन्स आठवा. मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल, मैदानावर दोघांची झटापट, दोघांना लाल कार्ड, आणि गॅलरीत पेटलेल्या दंगलीत १६ माणसं मेली. तिथे तर पंचांनी कार्ड दाखवलं होतं, तरीही. मैदानावरचे दोन जण फक्त स्वतःपुरते भांडत नसतात.

आता माझी चूक. आमच्या तालुक्यातलीच एक फायनल होती. मुंबईहून चाकरमानी आलेले, स्पीकर, गर्दी, बक्षिसाला बोकड. सुरुवातीच्या दहा मिनिटांत दोन्हीकडून शर्ट ओढणं, कोपर लावणं चालू होतं. मला दिसत होतं. पण एवढे लोक जमलेत, लगेच कार्ड काढून मजा कशाला घालवायची, असं मनात आलं आणि नुसत्या हातवाऱ्यांवर भागवलं. तासाभराने तीसेक माणसं मैदानात होती. मी चौघांना लाल कार्ड दाखवलं, त्याचा काही उपयोग नव्हता. त्या गदारोळात गळ्याजवळचं हाड मोडलं ते सोडवायला धावलेल्या एका पोराचं. ट्रॉलरवर जाणारा पोरगा. १ जूनपासून मासेमारी बंद होते, त्याआधीचे कमाईचे शेवटचे पंधरा दिवस त्याने हात गळ्यात बांधून पडवीत काढले. मारणारे चौघे दुसऱ्या दिवशी मुंबईला गेले. त्याच्या आईने मला एकच विचारलं, “तुमका आधी दिसूक नाय?” दिसलं होतं, हे मी तिला सांगू शकलो नाही.

म्हणून शिक्षा किती असावी यावर माझं फारसं अडत नाही. पैशाच्या दंडाला व्यावसायिक खेळाडू भीक घालत नाही, सामने गेले की त्याला झोंबतं, एवढं कळतं. बाकावरून किंवा लांबून धावत येऊन भांडणात पडणाऱ्याला दुप्पट असावी, कारण दोघांचं भांडण तीस जणांचं तोच करतो. पण पहिलं पिवळं कार्ड चिमट्याला निघालं पाहिजे, चौथ्या मिनिटाला, लोक ओरडले तरी.

परवाच्या मे महिन्यात मी तसंच केलं. चौथ्या मिनिटाला शर्ट ओढल्याबद्दल पिवळं, नवव्याला घाणेरडं बोलल्याबद्दल दुसऱ्या संघाच्या एकाला. बाहेरून शिव्या पडल्या. सामना १-० झाला, सगळे चालत घरी गेले. पुढच्या स्पर्धेला मंडळाने मला बोलावलं नाही. मासळी बाजारात अध्यक्ष भेटले तेव्हा मी विचारलं, तर बांगड्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाले, “राग मानू नको सर, पण तुमची मॅच अळणी लागता.”