टोटल वॉर: वॉरहॅमर ३ मध्ये मी सगळी युनिटं एका रांगेत लावून समोरासमोर भिडवतो, आणि फौज तोडीस तोड असूनही लढाया हरतो. नवख्यानं काय करावं?

सगळी युनिटं एका रांगेत लावून समोरासमोर भिडवता, असं तुम्ही प्रश्नातच लिहिलंय. घोटाळा तिथेच आहे.

या गेममध्ये लढाई जिंकायला समोरची माणसं संपवावी लागत नाहीत, त्यांचा धीर सुटावा लागतो. युनिटच्या कार्डावर 'लीडरशिप' नावाचा आकडा असतो. नवखे खेळाडू अटॅक नि आर्मर बघत बसतात आणि याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. बगलेतून किंवा पिछाडीवरून मार बसला, सेनापती पडला, शेजारची तुकडी पळाली, माणसं धावून दमली, की हा आकडा घसरतो. फार घसरला की पांढरं निशाण दिसतं आणि धडधाकट तुकडीसुद्धा पळत सुटते.

म्हणून पायदळाकडून मारामारीची फार अपेक्षा ठेवू नका. त्यांनी फक्त थोपवून धरायचं. निकाल लावायचा घोडदळानं, तोही शत्रू हातघाईत गुंतल्यावर मागून. धडक दिल्यावर चार्ज बोनस (धडकेचा जादा जोर) काही सेकंदांतच ओसरतो, त्यामुळे घोडदळ तिथेच लढत ठेवणं म्हणजे महागडं युनिट वाया घालवणं. मागे काढा, अंतर घ्या, पुन्हा सोडा. ताज्या, तयारीत उभ्या भालाइतांवर मात्र समोरून घोडे घालू नका. पळणारे शत्रू धीर आला तर परततात, तेव्हा शेवटी त्यांचा पाठलागही घोडदळाकडेच द्या.

बाण डोक्यावरून जातात, बंदुका सरळ रेषेत मारतात. पुढे आपलीच रांग उभी असली तर बंदूकवाले नुसते ताटकळत राहतात. त्यांना रांगेतल्या फटीत, कडेला किंवा चढावर ठेवा.

अपवाद एक, पण मोठा: मुडदे आणि राक्षसी (डीमन) फौजा. त्या पळत नाहीत. लीडरशिप संपली की जागच्या जागी विरघळू लागतात. तरी आकडा पाडायची रीत तीच. व्हॅम्पायर काउंट्स या मुडद्यांच्या गटाशी लढताना तर तिरंदाजांपासून जादूपर्यंत सगळं आधी त्यांच्या सेनापतीवर वळवा. तो पडला की उरलेली फौज झपाट्यानं ढासळते.

सुरुवातीला कॅथे या गटाची सेनापती मियाओ यिंग घ्या. कॅथेची फौज शिकवणीसाठीच केल्यासारखी आहे: हातघाईची आणि नेमबाज युनिटं जवळजवळ ठेवली की 'हार्मनी'चा फायदा मिळतो, त्यामुळे नीट रचना करायची सवय आपोआप लागते. खोर्न हा गट घेऊ नका. जिंकाल, पण धावत जाऊन आदळण्यापलीकडे फार शिकणार नाही.

लढाई पॉज करून हुकूम देता येतात, ते खुशाल करा. त्यात कसला आलाय कमीपणा!

लढायांबाहेर, मोहिमेच्या नकाशावरचं थोडक्यात. एका फौजेत सेनापती धरून २० युनिटं मावतात. पहिली फौज भरल्याशिवाय दुसरा लॉर्ड (सेनापती) घेऊ नका, कारण प्रत्येक नव्या फौजेमागे बाकीच्यांचा पोसण्याचा खर्चही वाढतो. शत्रूच्या दोन फौजा जवळजवळ असतील तर दुसरी मदतीला येते, म्हणून लॉर्डला 'लायटनिंग स्ट्राइक' लवकर शिकवा, म्हणजे एकेकीला वेगळं गाठता येईल. आणि ऑटो-रिझॉल्व्ह (न खेळता गेमनंच लावलेला निकाल) निसटता पराभव दाखवत असेल, तर ती लढाई हातानं खेळा. अशा बऱ्याच लढाया जिंकता येतात.