मृगात कॅमेरा बंद का पडतो?

प्रश्न : देवगड तालुक्यात आमची आंबा-काजूची बाग आहे. रानडुकरांवर नजर ठेवायला फोरजी ट्रेल कॅमेरा (हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा) लावलाय, फोटो मोबाइलवर येतात. आठ पेन्सिल सेल दोन आठवड्यांत संपायचे, म्हणून २ वॅटचं सोलर पॅनल जोडलं. मेअखेरपर्यंत झकास चाललं. मृग लागला आणि आठवड्यात कॅमेरा बंद! आत रिचार्जेबल सेल घातले तर पॅनलवर चार्ज होतील का? की घरी पडून असलेली मोटारसायकलची बॅटरी जोडू?

उत्तर : आधी तुमच्याच आकड्यांवरून हिशेब करू. चांगल्या अल्कलाइन सेलमध्ये साधारण ३ वॅट-तास मिळतात. आठांचे २४. ते १४ दिवस पुरले, म्हणजे कॅमेऱ्याचा रोजचा खर्च पावणेदोन, आपण २ धरू. उन्हाळ्यात २ वॅटचं पॅनल घट धरूनही दिवसाला ६-७ वॅट-तास देतं. आभाळ गच्च भरलं की तेच दहाव्या हिश्शावर येतं. जमा पाऊण, खर्च दोन. पॅनलच्या पोटातली चिमुकली बॅटरी किती दिवस पदरचं घालणार? आणि पॅनलही काजूच्याच खोडाला ठोकलं असेल, तर मे महिन्यात चाललं हेच नवल.

रिचार्जेबल सेलची कल्पना सोडा. बहुतेक कॅमेऱ्यांत बाहेरच्या जॅकमधून आतले सेल चार्ज होतच नाहीत. शिवाय हे सेल १.२ व्होल्टचे, आठ मिळून ९.६. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की व्होल्टेज आणखी बसतं, आणि सेलमध्ये जीव असतानाही काही कॅमेरे ‘बॅटरी लो’ म्हणून मान टाकतात. पेन्सिल सेलच्याच मापाचे ३.७ व्होल्टचे लिथियम सेलही बाजारात मिळतात. ते आठ घातलेत तर कॅमेरा जळेल.

मी असं करीन : १० वॅटचं पॅनल, छोटा चार्ज कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीला झेपेल अशी देणारी डबी) आणि १२.८ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. तिच्यात ९० च्या आसपास वॅट-तास मावतात. ऊन अजिबात नसलं तरी महिनाभर निघतो. गच्च आभाळातही हे पॅनल तुमच्या रोजच्या खर्चापुरतं देतं. कंट्रोलरवर लिथियम आयर्न फॉस्फेटची सेटिंग हवीच. पॅनलची वायर थेट कॅमेऱ्याला लावू नका, ‘१२ व्होल्ट’च्या पॅनलचं काही न जोडता मोकळं व्होल्टेज २१-२२ असतं. आणि जॅकजवळचं लेबल वाचा. तिथे ६ व्होल्ट लिहिलं असेल तर मध्ये व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टर लागेल. १२ लिहिलं असेल तरी कॅमेरा १४.६ पर्यंत सोसतो का, हे माहितीपत्रकात बघा. चार्ज होताना ही बॅटरी तिथवर चढते.

कॅमेरा सावलीत राहू दे, पॅनल मात्र वायर ओढून उघड्या कातळावर न्या. एवढ्याशा करंटला दहा मीटर वायर जड नाही. फांदीची सावली पॅनलच्या दोन-चार चौकोनांवर पडली तरी सगळं पॅनल बसतं. तोंड दक्षिणेला, पण उतार १०-१५ अंशच द्या : जूनमध्ये दुपारचा सूर्य आपल्या डोक्यावरून थोडा उत्तरेला सरकलेला असतो. एवढ्या उतारावर पाऊसच पॅनल धुऊन काढतो.

खाऱ्या हवेत सगळ्यात आधी जातात ते जोड. कलई केलेली तांब्याची वायर घ्या, जोडांना व्हॅसलीन चोपडा. वायर पेटीत खालून शिरू द्या आणि आधी तिला खाली एक झोळ ठेवा, म्हणजे पाणी आत न जाता तिथूनच गळेल. बॅटरीलगत २ अँपिअरचा फ्यूज. भोकं सिलिकॉनने बुजवा, नाहीतर पेटीत मुंग्या घर करतात. वायर पाइपातून न्या, माकडांना लोंबती वायर दिसली की चैन पडत नाही.

मोटारसायकलची बॅटरी नको. ती स्टार्टरला क्षणभर जोर देण्यासाठी बनवलेली असते. रोज थोडी थोडी उतरत गेली की लवकर मरते.

रेंज कमी असेल तर कॅमेरा टॉवर शोधण्यातच वीज घालवतो. तेव्हा फोटो एकेक न पाठवता दिवसातून दोनदा एकत्र पाठवायची सेटिंग ठेवा. व्हिडिओ बंद. समोरचं गवतही कापून टाका. तापलेलं गवत वाऱ्यावर डोललं की सेन्सरला डुक्करच वाटतं.