प्रजननाचा धडा शिकवताना जुने शैक्षणिक चित्रपट दाखवावेत का?

दाखवा. पण फक्त मुलींना हॉलमध्ये कोंडून दाखवणार असाल तर राहू द्या.

मी दहावीला विज्ञान शिकवायचे. डिस्नेनं 1946 साली सॅनिटरी नॅपकिनच्या कंपनीसाठी केलेली, मासिक पाळीवरची दहा मिनिटांची फिल्म दाखवायचं ठरवलं. इतकी सोवळी की रक्तसुद्धा पांढरं! तरी पर्यवेक्षक सरांनी मुलग्यांना ग्राउंडवर पिटाळलं, पडदे ओढून घेतले आणि दाराशी शिपाई बसवला. चोरून काहीतरी चाललंय असं वाटायला आणखी काय हवं? दुसऱ्या दिवशी मुलगे तासाला विचारायला लागले, "बाई, मुलींना काय दाखवलंत?" मी तिथल्या तिथे फळ्यावर गर्भाशय काढलं आणि सगळं सांगितलं. कोणी खिदळलं नाही. शंका मात्र भरपूर आल्या.

स्टाफरूममध्ये सर कडाडले, "पाळीशी मुलग्यांचा काय संबंध? आपल्या संस्कृतीत बसत नाही हे." अहो, र. धों. कर्वे 1927 पासून मुंबईत 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक शिक्षणाचं मासिक काढत होते, मराठीत! 1934 च्या अश्लीलतेच्या खटल्यात त्यांची बाजू बाबासाहेबांनी मांडली. ती कुठली संस्कृती? 2007 साली राज्यात लैंगिक शिक्षणाच्या कार्यक्रमावर बंदी आली तेव्हा सरांनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते.

अमेरिकेत ओरेगनमध्ये 1947 साली 'ह्यूमन ग्रोथ' नावाची फिल्म निघाली. तीत वर्गातली मुलं-मुली एकत्र बसून फिल्म बघतात आणि मग बाईंना प्रश्न विचारतात. मला एवढंच हवं होतं.

गर्भाच्या वाढीसाठी तर हलती चित्रं हवीतच. फलन अंडनलिकेत होतं, गर्भाशयात नाही, हे कितीही घोकून घेतलं तरी पेपरात चुकतं. अंडपेशी नळीतून सरकताना एकदा पाहिली की चुकत नाही. हृदय चौथ्या आठवड्यातच धडधडू लागतं, हे पुस्तकातल्या स्थिर आकृतीवरून पोरांच्या डोक्यात शिरतं का?

हां, या फिल्म जुन्या आहेत. शुक्रपेशी आत पोहोचते कशी, हे डिस्नेवाले सांगतच नाहीत. संततिनियमनाचंही यांत काही मिळणार नाही, ते तुम्हालाच बोलावं लागेल. आणि पर्यवेक्षकांची परवानगी आधी लेखी घ्या, तोंडी नको.