पीएचडीनंतर पोस्टडॉक (ज्येष्ठ संशोधकाच्या हाताखालचं मुदतीचं संशोधनपद), मग स्वतःचा संशोधन-ग्रुप, मग नेतृत्व: संशोधकाच्या वाटचालीतले हे टप्पे नेमके काय असतात आणि पुढच्या टप्प्याची तयारी कधी सुरू करावी?

प्रबंध सादर करायच्या बेतात आहात, पोस्टडॉकची ऑफर हातात आहे आणि त्यापुढचं काहीच नीट दिसत नाही, असं तुम्ही लिहिलंय. मी याच वाटेने आले. आता माझा छोटा ग्रुप आहे आणि नेमणुकांच्या, अनुदानांच्या निवड समित्यांवरही मी बसते. तिथे जे दिसतं त्यावरून सांगते.

टप्प्यांची मला सगळ्यात उपयोगी वाटलेली मांडणी युरोपीय आयोगाने २०११ मध्ये केली. तिच्यात चारच पायऱ्या आहेत, आर-१ ते आर-४. पीएचडी मिळेपर्यंत पहिली. पीएचडी झाली, पण अजून पूर्ण स्वतंत्र नाही, ती दुसरी. स्वतंत्र काम उभं केलं की तिसरी. आणि ज्यांच्याकडे बघून क्षेत्राची दिशा ठरते, त्यांची चौथी. या पायऱ्या पदनामाला बांधलेल्या नाहीत. विद्यापीठ असो की कंपनी, तुम्हाला काय करता येतं त्यावर पायरी ठरते. त्यामुळे असिस्टंट प्रोफेसर झालेली व्यक्ती प्रत्यक्षात दुसऱ्या पायरीवरच अडकलेली असू शकते. अशी माणसं मी पाहिली आहेत आणि त्यांची घुसमटही पाहिली आहे.

पहिल्या पायरीबद्दल फार सांगत नाही, तुम्ही ती चढलातच. एक प्रश्न शेवटापर्यंत नेता येतो, एवढं तिथे सिद्ध करायचं असतं.

माणसं अडतात ती दुसरीवरून तिसरीवर जाताना. पोस्टडॉकच्या काळात कौतुक होतं ते पेपरांचं, आणि पेपर लवकर येतात ते बॉसच्या चालू प्रकल्पातून. म्हणून सगळी ताकद तिथे जाते. पुढे समितीसमोर अर्ज येतो. यादी भरगच्च असते, पण प्रत्येक पेपरवर कॉरस्पाँडिंग ऑथर (पेपरची जबाबदारी घेणारा मुख्य लेखक) म्हणून तेच एक ज्येष्ठ नाव. मग कुणीतरी हमखास विचारतं, ‘यातली कल्पना कुणाची होती?’ अर्जात त्याचं उत्तर सापडत नाही. त्याच गठ्ठ्यात दुसरा अर्ज असतो. पेपर कमी, पण त्यातला एक छोटा पेपर जुन्या गाइडच्या नावाशिवायचा, आणि पुढच्या पाच वर्षांचा आराखडा थेट त्या पेपरातून निघालेला. मी अशा अर्जाच्या बाजूने भांडते. प्रत्येक वेळी जिंकत नाही, कारण नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या लेखांचा इतरांनी सरासरी किती वेळा संदर्भ दिला तो आकडा) बघून माणूस तोलायची सवय अजून गेलेली नाही. ही सवय सोडा, असं सांगणारा सॅन फ्रान्सिस्को जाहीरनामा २०१२ च्या बैठकीतून आला. त्यावर सही केलेल्या संस्थांमध्येही जुनं वळण अधूनमधून डोकं वर काढतं.

त्यात घड्याळ चालू असतं. जर्मनीत २००७ च्या कायद्याने पीएचडीआधी ६ आणि नंतर ६ वर्षं (वैद्यकशास्त्रात नंतरची ९) अशी संशोधकांच्या मुदतीच्या नोकरी-करारांना मर्यादा घातली. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत नवोदित संशोधकाची अनुदान-अर्जातली सवलत शेवटची पदवी किंवा वैद्यकीय निवासी प्रशिक्षण संपल्यापासून १० वर्षांपर्यंत मिळते. त्याच संस्थेने २००६ मध्ये एक अनुदान सुरू केलं, त्याची रचना मला फार आवडते: आधी २ वर्षांपर्यंत मार्गदर्शकाच्या लॅबमध्ये राहून काम, आणि स्वतःचं स्वतंत्र पद मिळालं की पुढची ३ वर्षांपर्यंत पैसा तुमच्याबरोबर नव्या जागी. स्वातंत्र्य हळूहळू येतं, हे त्या रचनेनेच मान्य केलंय.

तिसऱ्या पायरीवर काम अचानक बदलतं आणि त्याचं प्रशिक्षण बहुधा कुणी दिलेलं नसतं. विद्यार्थ्याचा पहिला मसुदा समोर येतो. परिच्छेद विस्कटलेला, आकृतीवर चार गोष्टी कोंबलेल्या. तुम्हाला लिहिता उत्तम येतं, म्हणून रात्रीत सगळं स्वतः लिहून टाकायचा मोह होतो. पेपर निघतो, विद्यार्थ्याला एवढंच कळतं की आपलं वाक्य उडालं. त्याऐवजी शेजारी बसून विचारावं, ‘ही आकृती बघून वाचकाला कुठली एक गोष्ट कळायला हवी?’ तो अडखळतो, दोन आलेख काढून टाकतो, मग परिच्छेदाची पहिली ओळ त्याची त्यालाच सुचते. याला वेळ तिप्पट लागतो, पण आता तुमचं काम हेच असतं. जोडीला भरती, हिशोब, दोन सहकाऱ्यांमधला लेखकांच्या क्रमाचा वाद. हा वाद काम सुरू होतानाच बोलून मिटवावा. अनेक नियतकालिकं आता योगदानाच्या १४ ठरावीक भूमिकांनुसार कुणी काय केलं ते छापतात. ती यादी पहिल्याच बैठकीत टेबलावर ठेवली तर पुढचं बरंच सोपं जातं.

चौथ्या पायरीला विभागप्रमुखपदाशी जोडू नका. ते पद पाळीपाळीनेही मिळतं. ज्यांचा पगार तुमच्या हातात नाही अशी माणसं तुमचा प्रश्न उचलून काम करू लागतात, तेव्हा ती पायरी आली असं मी समजते. आणि वाटेत कुणी कंपनीत किंवा धोरणाच्या कामात गेलं, तर ते गळाले असं म्हणू नये. माझ्या ओळखीतले काही सर्वात कसदार संशोधक तिकडे आहेत.

तयारी कधी, याचं उत्तर: पोस्टडॉकचा होकार कळवण्याआधी. नव्या बॉसला सरळ विचारा की इथून जाताना मला कुठला प्रश्न, कुठला डेटा, कुठले नमुने बरोबर नेता येतील, आणि आठवड्यातला किती वेळ स्वतःच्या कल्पनेला देता येईल. एखादं प्रपोजल सोबत लिहायला मिळेल का, बजेटच्या पानासकट, हेही विचारा. चांगला बॉस या प्रश्नांनी दुखावत नाही. जे ठरेल ते त्याच दिवशी आभाराच्या ईमेलमध्ये लिहून पाठवा.