जर्मनीत पोहोचल्यावर मुलगी गप्प का झाली?

परदेशी भाषा शिकण्यासाठी मुलांना त्या देशात पाठवणारे पालक समुपदेशक म्हणून माझ्याकडे बहुधा एकच काळजी घेऊन येतात. इथे भाषेची परीक्षा चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेले मूल तिथे गेल्यावर बोलेनासे होते, आणि पैसे व वर्ष दोन्ही वाया गेले का, त्याला परत बोलवावे का, यावर घरात खल सुरू होतो. अशाच एका विद्यार्थिनीचा अनुभव तिच्या आणि पालकांच्या संमतीने मांडते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

मूळची कोल्हापूरची ही मुलगी पुण्यात जर्मन विषय घेऊन पदवीच्या तिसऱ्या वर्षाला होती. बी-टू, म्हणजे भाषेच्या वरच्या मध्यम पातळीची परीक्षा देऊन ती ऑक्टोबरमध्ये सुरू होणाऱ्या हिवाळी सत्रासाठी नैर्ऋत्य जर्मनीतील ट्युबिंगेनला गेली. विद्यापीठ १४७७ सालचे, गाव लहान आणि विद्यार्थ्यांनी भरलेले. भाषा कानावर सतत पडावी यासाठी याहून चांगली जागा शोधणे कठीण. तरीही नोव्हेंबर संपताना तिने व्हिडिओ कॉलवर मला सांगितले, “इथे मला कुणी मूर्ख समजत नाही, मॅडम, पण माझी मीच मला मूर्ख वाटू लागले आहे.” पुण्यात वर्गाला हसवणारी, वादविवादात पुढे असणारी ही मुलगी तिथे बेकरीत बोट दाखवून पाव घेत होती आणि चर्चेच्या तासाला मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत बसत होती.

तिचे व्याकरण कच्चे होते, असे मला वाटले नाही. तिने दिलेल्या बी-टूच्या परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण या चारही भागांत स्वतंत्रपणे ६० टक्के गुण मिळवावे लागतात, आणि ते तिने सहज मिळवले होते. मात्र परीक्षेतले बोलणे स्पष्ट आणि प्रमाण जर्मनमधले असते, तर ट्युबिंगेनच्या दुकानांत आणि बसमध्ये श्वाबियन बोली कानावर पडते, जिच्यात ‘इस्ट’चे ‘इश’ होते आणि जोडून आलेले निम्मे शब्द गिळले जातात. त्यातून ती क्षणभर अडखळली की समोरचा सौजन्याने इंग्रजीत बोलू लागे, आणि हे सौजन्यच तिला सर्वांत जास्त बोचत असे.

परकीय भाषेच्या वर्गात वाटणाऱ्या भीतीवर भाषाशिक्षणाच्या अभ्यासक इलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये एक लेख लिहिला आणि ती मोजण्यासाठी ३३ विधानांची प्रश्नावली दिली. त्यातले एक निरीक्षण मला समुपदेशनात फार उपयोगी पडते: प्रौढ माणसाला स्वतःची जी ओळख असते आणि अपुऱ्या भाषेतून तो जेवढा व्यक्त होऊ शकतो, त्या दोहोंतले अंतर त्याला असह्य होते. हे वाचून दाखवल्यावर ती बराच वेळ काही बोलली नाही, आणि मग म्हणाली, “म्हणजे हे फक्त माझंच नाही.”

त्यानंतर मी तिला आठवडाभर एक नोंद ठेवायला सांगितली: कोणत्या वेळी, कुठे, कोणाशी आणि कोणत्या भाषेत बोललीस. नोंद पाहिल्यावर अडचण दिसली. वसतिगृहाच्या सामायिक स्वयंपाकघरात संध्याकाळी सातच्या सुमारास सगळे जमत, आणि नेमक्या त्याच वेळी ती खोलीचे दार लावून आईशी बोलत असे. हिवाळ्यात जर्मनीची वेळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, त्यामुळे इकडे आई रात्री साडेअकरा वाजता जागी राहून फोनची वाट पाहत असे. दिवसातला भाषेचा सर्वांत सैल, चुका पोटात घालणारा तास असा रोज निसटत होता.

वडिलांचा उपाय टोकाचा होता. अमेरिकेतील मिडलबरी कॉलेजच्या भाषाशाळांबद्दल त्यांनी वाचले होते. १९१५ मध्ये जर्मनपासून सुरू झालेल्या या उन्हाळी शाळांत विद्यार्थी शिकत असलेल्या भाषेखेरीज दुसरी भाषा न बोलण्याची प्रतिज्ञा करतात. तेव्हा घरी फोन बंद, असा त्यांचा आदेश होता. मी त्यांना म्हटले, “तिथे शिक्षक, शेजारी, जेवणाच्या टेबलावरचे सोबती, सगळेच त्या प्रतिज्ञेने बांधलेले असतात आणि तोतऱ्या बोलण्याची कुणालाच लाज वाटत नाही. तुमची मुलगी मात्र एकटी आहे; तिच्याकडून मराठी काढून घेतलीत तर त्या जागी जर्मन येईलच असे नाही, नुसती शांतता येईल.” वडिलांना हे पटायला वेळ लागला. काही महिन्यांत आपोआप सगळे ठीक होते, असेही त्यांना कुणी सांगितले होते. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेलेल्या नॉर्वेच्या लोकांचा अभ्यास करून समाजशास्त्रज्ञ लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये परदेशी रुळण्याचा जो चढउतार (आधी उत्साह, मग खचणे, मग हळूहळू सावरणे) मांडला, त्यावरून असे दिलासे दिले जातात. पण पुढच्या अभ्यासकांनी त्याबद्दल शंका घेतल्या आहेत, आणि मी स्वतः त्याच्या भरवशावर कुणाला थांबायला सांगत नाही.

फोन बंद न करता आम्ही त्याची वेळ बदलली: एक दिवसाआड, तिच्या दुपारच्या एक वाजता, म्हणजे इकडे साडेपाचला. आईला हे सर्वांत जड गेले, आणि ते तिने मोकळेपणाने बोलून दाखवले याचे मला बरे वाटले. दुसरी गोष्ट मुलीनेच शोधली. जर्मनीतील अनेक विद्यापीठांच्या गावांत सायकल स्वतः दुरुस्त करण्याच्या सामायिक कार्यशाळा असतात. तशा एका ठिकाणी ती आठवड्यातून एका संध्याकाळी मदतीला जाऊ लागली. तिथे बोलणे हातातल्या वस्तूविषयी असते, तीच वाक्ये पुन्हा पुन्हा येतात, आणि साखळी चढवताना कुणी विभक्ती तपासत बसत नाही. समोरच्याने इंग्रजी सुरू केलीच तर जर्मनमध्येच बोलण्याची विनंती करायची, एवढे एक वाक्य आम्ही आधीच घोटून ठेवले होते.

सत्र संपता संपता तिने वर्गात तोंडी निबंध सादर केला. तो तिच्या पुण्यातल्या भाषणांइतका खुमासदार नव्हता, पण प्रश्नोत्तरांत ती जर्मनमध्येच टिकून राहिली. बेकरीतल्या बाईंचे श्वाबियन तिला अजूनही पूर्ण कळत नाही.

मात्र प्रत्येक गप्प मुलाला हीच वाट लागू पडत नाही. झोप उडणे, जेवण टाळणे, वर्गाला न जाता खोलीतच राहणे किंवा जगणे नकोसे झाल्याचे बोलणे यांपैकी काही दिसले, तर तो प्रश्न भाषेचा समजू नये. नकोशा जगण्याची भाषा कानावर आली तर त्याच दिवशी तिथल्या डॉक्टरांकडे किंवा तातडीच्या सेवेकडे मुलाला पोहोचवावे, आणि बाकीच्या लक्षणांत दोन आठवड्यांहून अधिक थांबू नये. जर्मनीत विद्यार्थ्यांची वसतिगृहे आणि खानावळी चालवणाऱ्या विद्यार्थी सेवा संस्था अनेक शहरांत मानसिक समुपदेशनही देतात, आणि त्यांच्याकडे इंग्रजीत बोलण्याची सोय बऱ्याचदा असते. अशा वेळी इंग्रजीतच बोलावे.